एफ.वाय. संपलं, आता मेजर कुठला घेऊ? गणित की जिऑलॉजी?

कोयनेकाठी
नमस्कार. मी पुण्यात बीएस्सी करतेय, एफ.वाय.ची परीक्षा नुकतीच झाली. नवीन पद्धतीत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच असतात, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसरा सोडून द्यायचा. माझे तीन म्हणजे फिजिक्स, गणित आणि जिऑलॉजी. फॉर्म जूनमध्ये भरायचाय आणि माझं काहीच ठरत नाहीये.

गणितात मार्क चांगले पडतात, शाळेपासूनच. पण आवडतं का असं कुणी विचारलं तर पटकन हो म्हणता येत नाही. जमतं एवढं खरं. जिऑलॉजी मी ठरवून घेतलं नव्हतं, ग्रुपमध्ये होतं म्हणून आलं. मग जानेवारीत आमची सहल निघोजला गेली, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला. मॅडमनी एका खळग्यात हात घालायला लावला, आत गुळगुळीत गोटे लागले. म्हणाल्या, हेच गोटे पाण्याबरोबर गरगर फिरून हा रांजण कोरतात. तो दिवस डोक्यातून जातच नाहीये. मायक्रोस्कोपखाली दगडाचा पातळ काप ठेवून फिरवला की काळे-पांढरे पट्टे दिसतात ना, प्रॅक्टिकल संपलं तरी मी तिथेच बसून राहायचे.

घर पाटण तालुक्यात आहे. वडील शेती करतात. ते म्हणतात गणित घे, मास्तरकी तरी कुठे गेली नाही. मामा म्हणतो कॉम्प्युटरला जायला पाहिजे होतं, आता निदान गणित धर. मैत्रिणी सगळ्या फिजिक्स घेतायत. मला खरंच कळत नाहीये. तुम्ही कसं ठरवलं होतं? चुकलं तर काय झालं?

ताकभात
गणित. डोळे झाकून. जिऑलॉजी मायनर ठेव, हौस पण होईल.

निळी_शाई
डोळे झाकून कशाला, एवढी नीट विचार करतेय ती.

कोयनेकाठी, माझं बीए, जुन्या पद्धतीतलं. तेव्हा एस.वाय.ला स्पेशल घ्यायचं असायचं. मी इकॉनॉमिक्स आणि मराठी यात अडकले होते आणि वर्गातल्या सगळ्या हुशार मुली इकॉनॉमिक्सला गेल्या म्हणून मीही गेले. टी.वाय.ला कळलं की मी रोज लायब्ररीत मराठीच्या कपाटासमोर उभी असते आणि इकॉनॉमिक्सची पुस्तकं फक्त परीक्षेआधी उघडते. एम.ए. मराठीत केलं, त्यासाठी एक वर्ष घरी बसून तयारी केली. आज प्रूफं तपासते, भाषांतरं करते, पोट भरतं आणि मन लागतं. ते वर्ष वाया गेलं असं नाही म्हणणार, पण ते मैत्रिणींच्या मागे गेल्यामुळे गेलं हे नक्की. फिजिक्सचं तू एका ओळीत संपवलंस, त्याअर्थी ते तुझं नाही.

गुणाकार
मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो, २२ वर्षं झाली. वडिलांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. गणित मेजर असेल तर पुढे एमएस्सी गणित, संख्याशास्त्र, एमसीए, बीएड, बँकेच्या परीक्षा, सगळीकडे चालतं. दारं उघडी राहतात.

पण एक सांगतो. एफ.वाय.चं गणित आणि टी.वाय.चं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्तापर्यंत तू गणितं सोडवलीस. पुढे रिअल ॲनालिसिस, ग्रुप, रिंग हे येतं तेव्हा उत्तर काढायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. शंभरपैकी नव्वद पाडणारी मुलं तिथे गप्प होतात आणि साठ पाडणारा एखादा फुलतो. तेव्हा 'मार्क पडतात' या कारणावर ठरवू नकोस. टी.वाय.चं पुस्तक आण, पहिली वीस पानं स्वतः वाच. कंटाळा आला तर तो खरा आहे, दडवू नकोस.

चकली_नको
जिऑलॉजीला स्कोप काय आहे पण? प्रामाणिकपणे विचारतोय. माझ्या ओळखीत एकही जिऑलॉजिस्ट नाही.

रानजाई
आता आहे एक :)

मी जिऑलॉजीत एमएस्सी, चौदा वर्षं झाली काम करतेय. पहिल्यांदा कडू ते सांगते. नुसत्या बीएस्सीवर जिऑलॉजीत नोकरी मिळणं अवघड आहे. एमएस्सी धरूनच चाला. आणि खाजगी नोकऱ्या आयटीसारख्या ढिगाने नसतात, बदली, भटकंती, साइटवर राहणं हे येतंच.

आता दुसरं. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, जी १८५१ पासून आहे, तिथली भरती यूपीएससीच्या कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते. त्यातच भूजलवाल्यांच्या म्हणजे हायड्रोजिऑलॉजीच्या जागाही असतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, मुख्यालय पुण्यातच. मग खाणी, धरणं, बोगदे, मेट्रो. कुठलाही बोगदा खणायच्या आधी भोकं पाडून आतला दगड बाहेर काढतात, लांबच लांब दंडगोल निघतात, त्याला कोअर म्हणतात. ते पेटीत क्रमाने लावून एकेक इंच बघून लिहायचं की इथे भेग आहे, इथे दगड कुजलाय, इथे पाणी येईल. माझी पहिली तीन वर्षं यात गेली, कोकणात. पावसाळ्यात ताडपत्रीखाली बसून. मला ते काम आवडायचं, पण साइटवर बाईमाणसासाठी धड संडास नव्हता आणि त्यासाठी मला आठ महिने भांडावं लागलं. तो मिळाला. माझ्यानंतर दोन मुली आल्या त्यांना भांडावं लागलं नाही.

कोयनेकाठी, मायक्रोस्कोप सोडून उठवत नव्हतं म्हणालीस ना, ते वाचून मी दोन मिनिटं थांबले.

ताकभात
@रानजाई ताई, तुम्ही जे सांगताय त्यावरून तर माझंच म्हणणं खरं ठरतंय. मुलगी एकटी, रानावनात, ताडपत्रीखाली. घरचे शेतकरी, पैसा लगेच लागणार. पाच वर्षं शिकून मग परीक्षा द्या, मग जागा निघायची वाट बघा. वाईट हेतूने नाही बोलत, माझ्या सख्ख्या बहिणीने अशीच वाट बघितलीय, तिचे हाल मी पाहिलेत.

रानजाई
हेतू वाईट नाही हे कळतं. पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो तिने घरी बसून नीट मांडलाच पाहिजे. किती वर्षं घर थांबू शकतं, धाकटं कोण आहे, स्कॉलरशिप कुठली. पण 'मुलगी एकटी रानावनात' हा मुद्दा मला मान्य नाही. तिच्या गावातल्या बाया रोज रानातच जातात की.

सह्यवेडा
+१ शेवटच्या वाक्याला.

खडूफळा
मी एका कॉलेजात शिकवते, प्रवेशाचं कामही बघते, त्यामुळे नियमांचं थोडं लिहिते कारण यातच मुलं सर्वांत जास्त अडकतात.

१. तुमच्या तीन विषयांपैकी कुठलाही मेजर घेता येतो हे कागदावर. प्रत्यक्षात तुमच्या कॉलेजात तो विषय टी.वाय.पर्यंत मेजर म्हणून चालतो का आणि किती जागा आहेत हे आधी विभागात जाऊन विचारा. काही ठिकाणी एखादा विषय फक्त मायनरपुरताच असतो.

२. मायनर म्हणजे टाकून दिलेला विषय नाही. त्याचे क्रेडिट मार्कशीटवर येतात, आणि काही एमएस्सी प्रवेशांना पदवीला अमुक विषय अमुक वर्षं शिकलेला हवा अशी अट असते, तिथे तो उपयोगी पडतो.

३. मध्येच सोडलं तर एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीन वर्षांवर पदवी, चार वर्षांवर ऑनर्स. चार वर्षं पूर्ण केली तर पुढचं पदव्युत्तर एका वर्षात होऊ शकतं. एकूण वर्षं तितकीच.

४. मेजर नंतर बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. बदललं तरी मागचे क्रेडिट भरून काढावे लागतात आणि टाइमटेबल जुळत नाही.

आणि नियमाबाहेरचं एक. फॉर्म भरायच्या खिडकीत मी दरवर्षी बसते. निम्मी मुलं माझ्यासमोर उभी राहून मागच्याला विचारतात, तू काय घेतलंस रे? पाच मिनिटांत तीन वर्षं ठरतात. हा धागा महिनाभर आधी आला याचाच मला आनंद आहे.

प्रश्नचिन्ह
मी आत्ता बारावी दिली. मला तर एकही विषय ठरवता येत नाहीये, हिने तीनातून एक तरी निवडायचाय. असं कुठे असतं का की आधी सगळं शिकायचं आणि मग ठरवायचं?

अर्धवेळ
@प्रश्नचिन्ह आयसर बघ, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारची संस्था. पुण्यातलं २००६ साली सुरू झालं, मी त्याच्या सुरुवातीच्या बॅचमधला. आमच्या वेळी पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळं होतं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, गणित, आणि नंतर वाट धरायची. मी बायॉलॉजीचा तिरस्कार करत आत गेलो आणि बायॉलॉजी करून बाहेर पडलो. बारावीत जे बायॉलॉजी होतं ते पाठांतर होतं, इथे पहिल्याच सेमिस्टरला सरांनी एक आलेख दाखवून विचारलं की याचा अर्थ काय असेल, आणि वर्गात तासभर भांडणं झाली. मला विषय आवडत नव्हता असं नव्हतंच, मला तो कधी भेटलाच नव्हता. प्रवेशाला वेगळी परीक्षा असते, तारखा यंदाच्या बघून घे.

मिशिगनकर_काकू
इकडे अमेरिकेत मुलं 'अनडिक्लेअर्ड' म्हणून कॉलेजात जातात, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर सांगितला तरी बहुतेक ठिकाणी चालतं. माझी मुलगी तशीच गेली. पहिल्या सेमिस्टरला तिने मानववंशशास्त्र, कॅल्क्युलस, सिरॅमिक्स आणि स्पॅनिश घेतलं होतं, मी फोनवर ऐकून कपाळाला हात लावला. शेवटी संख्याशास्त्र घेतलं तिने. पण हे सुख फुकट नाही बरं का. उशिरा बदललं की एखादं सेमिस्टर वाढतं आणि इथलं एक सेमिस्टर म्हणजे आमची वर्षाची बचत. तिच्या मैत्रिणीचं तसं झालं, कर्ज वाढलं. तेव्हा तिकडे सगळं कोंडलेलं आणि इकडे सगळं मोकळं असं वाटायला नको.

सह्यवेडा
विषय बदलण्यावरून आठवलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेनचे. हार्वर्डला शिकले, फर्ग्युसनला गणित शिकवायचे. त्यांनी प्राचीन नाण्यांची वजनं घेतली, हजारो नाणी तराजूवर तोलून त्यांची झीज संख्याशास्त्राने मोजली, कारण नाणं जितकं हाताळलं जातं तितकं झिजतं. तिथून ते भारताच्या इतिहासाकडे गेले आणि इतिहास लिहायची रीतच बदलली. इरावतीबाई कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या, मग समाजशास्त्र, मग बर्लिनला मानवशास्त्र. भारतात संख्याशास्त्राची संस्था १९३१ ला उभी करणारे महालनोबिस मुळात फिजिक्सवाले. ही माणसं पहिल्या विषयाला चिकटून बसली नाहीत, पण तो त्यांनी फेकलाही नाही.

गुणाकार
@सह्यवेडा उत्तम. फक्त मुलांना एवढं सांगा की कोसंबी आधी गणितात पक्के झाले होते. हातात एक तरी अवजार धारदार पाहिजे.

माणदेशी
मी शिकलेला फार नाही, दहावी. पण या धाग्यावर लिहायचा मोह आवरत नाही. आमच्याकडं बोअर मारायची म्हटलं की पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेतातनं फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. माझ्या चार बोअर कोरड्या गेल्या. चौथीला कर्ज काढलं होतं. पाचवीच्या वेळी तालुक्याला भूजलवाल्यांचं शिबिर होतं, तिथं एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघितलं अर्धा तास. थर मोजले. म्हणाल्या, काका, तुमच्या खाली एकसंध पाषाण आहे, कितीही खोल जा, भेग लागली तरच पाणी. बोअर मारू नका, ओढ्याकडच्या बाजूला जिथं मुरूम जाड आहे तिथं विहीर काढा आणि वर बांध घाला. ऐकलं. आज फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरतं. उन्हाळा अजून टँकरवरच आहे, खोटं कशाला सांगू. पण चार बोअरचं कर्ज मी एका अर्ध्या तासाच्या सल्ल्यावाचून केलं होतं.

स्कोप कुणी विचारलं होतं वर. पोरी, एवढंच सांगायचं होतं.

रानजाई
काका, तुमचं लिहिणं माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे.

बाकीच्यांसाठी, त्या मॅडमनी विहिरीत का वाकून बघितलं ते सांगते. आपला महाराष्ट्र बहुतेक बसॉल्टवर उभा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, पोळ्यांच्या चवडीसारखा. प्रत्येक पोळीचा मधला भाग घट्ट असतो, त्यात पाणी राहत नाही. वरचा भाग सच्छिद्र असतो, वाफेचे बुडबुडे अडकलेला. दोन पोळ्यांच्या मध्ये कधी तांबडा थर असतो, विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. पाणी मिळणार ते वरच्या मुरमात, सच्छिद्र भागात, दोन थरांच्या सांध्यात किंवा भेगांत. उघडी विहीर म्हणजे हे सगळं कापून दाखवणारं चित्र. आणि त्याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं वाढतात. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या म्युझियममध्ये आहे. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत असतं?

चकली_नको
मी वाघोलीत राहतो आणि मला माहीत नव्हतं!! स्कोपवाला प्रश्न मागे घेतो.

कोयनेकाठी
सगळ्यांचं वाचतेय, तीन दिवस नुसतं वाचतेय. माणदेशी काका, तुमची पोस्ट मी वडिलांना फोनवर वाचून दाखवली. आमच्याही दोन बोअर कोरड्या गेल्यात. ते काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, परत वाच.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती कारण ती लिहिली की मलाच वाटतं मी भावनेच्या भरात ठरवतेय. आमची आजी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपातून वाचलेली. पहाटे घराची भिंत आत पडली, तिची धाकटी बहीण गेली. आमच्याकडे अजून जमीन हलते, लहान धक्के येतात, आम्ही भांडी वाजली की नुसतं बघतो आणि परत झोपतो. आणि २०२१ च्या जुलैमध्ये मी नववीत होते तेव्हा आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला. आमचं गाव वाचलं. शाळा ऑनलाइन होती, रेंज गेलेली, आठ दिवस काहीच कळत नव्हतं, मग नावं कळायला लागली. एक मुलगी माझ्याबरोबर खो-खो खेळलेली.

एफ.वाय.ला मॅडमनी शिकवलं की डोंगर खाली यायच्या आधी वर भेगा पडतात, झाडं तिरकी होतात, झऱ्याचं पाणी गढूळ होतं. मी वर्गात बसून विचार करत होते की हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण यासाठी मेजर घ्यायचा का? मला आवडतं म्हणून घेतेय की दुःख आहे म्हणून, हे मला वेगळं करता येत नाहीये.

निळी_शाई
वेगळं कशाला करायचं गं.

गुणाकार
मी आधी लिहिलेलं थोडं सुधारतो. मुली, भूकंपाचा अभ्यास म्हणजे गणित आणि फिजिक्सच आहे. लाटा, समीकरणं. तेव्हा 'गणित की जिऑलॉजी' हा प्रश्न तू मांडलास तितका दुभंगलेला नाही. जिऑफिजिक्स म्हणून विषय आहे त्याची चौकशी कर.

अर्धवेळ
हेच लिहायला आलो होतो. जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिऑफिजिसिस्टच्या जागांना फिजिक्समधली एमएस्सीही चालते, जिऑलॉजिस्टच्या जागेला मात्र जिऑलॉजीचीच लागते. आयआयटीतल्या एमएस्सीला 'जॅम' परीक्षा असते, तिचे सात पेपर आहेत, त्यात गणित, फिजिक्स, जिऑलॉजी तिन्ही वेगवेगळे आहेत. ज्या संस्थेत जायचं तिथल्या कोर्सला कुठला पेपर आणि पदवीला कुठले विषय हवेत ते आत्ताच काढून ठेव, त्यावरून मेजर-मायनरची जोडी ठरेल.

आणि कराडला तर बोअरहोल जिओफिजिक्सची सरकारी प्रयोगशाळाच आहे, केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची. कोयनेच्या भूकंपांसाठीच. गोठण्याला त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, २०१७ साली पूर्ण झालं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बसॉल्ट संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो.

कोयनेकाठी
गोठणं माझ्या घरापासून लांब नाही. आम्ही लहानपणी तिथली मोठी यंत्रं एसटीतून बघायचो आणि आजोबा म्हणायचे तेल शोधतायत.

सह्यवेडा
जुन्या कामाचंही एक सांगतो. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची वेधशाळा होती. ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून तिथे नोंदी आहेत. आजही चालू. शंभर वर्षांहून जास्त काळ कुणीतरी रोज तीच गोष्ट लिहून ठेवतंय, हे मला फार मोठं वाटतं.

आडनाव_नाही
स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी घाबरू नये म्हणून सांगतो, यूपीएससी मुख्य परीक्षेला जिऑलॉजी वैकल्पिक विषय म्हणून आहे, आणि भारतीय वनसेवेला पदवीला जे विषय चालतात त्यातही तो आहे. पण परीक्षेसाठी मेजर घेऊ नका. मी घेतला होता, भूगोल, नोट्स मिळतात म्हणून. परीक्षा निघाली नाही आणि विषयही माझा झाला नाही. आज दुकान चालवतो, चांगलं चाललंय, पण त्या तीन वर्षांचं काहीच हातात नाही याचं वाईट वाटतं.

ताकभात
मी पहिल्यांदा दोन ओळीत उत्तर दिलं होतं, त्याबद्दल वाईट वाटतंय. बहिणीचं मनात होतं म्हणून. कोयनेकाठी, जे घेशील ते घे, पण घरी पैशांचा हिशेब कागदावर मांड. कुठल्या वर्षी किती लागणार, ते कुठून येणार. आमच्याकडे तो कागद कधी झालाच नाही, बहिणीचे हाल त्याने झाले, विषयाने नाही.

खडूफळा
ताकभात, फार मोलाचं. आणि कोयनेकाठी, कॉलेज सुरू झालं की टी.वाय.च्या दोन-तीन लेक्चर्सना मागे बसायची परवानगी माग. शिक्षक नाही म्हणत नाहीत. आम्हाला उलट बरं वाटतं.

प्रश्नचिन्ह
मी आयसरचा फॉर्म बघितला. वेळ आहे अजून. अर्धवेळ दादा, मेसेज केलाय.

कोयनेकाठी
(महिन्याने येतेय, सॉरी.)

गुणाकार सरांचं ऐकून टी.वाय.चं ॲनालिसिसचं पुस्तक आणलं. वीस पानं वाचली. कंटाळा नाही आला, पण पुस्तक मिटल्यावर परत उघडावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी गणिताच्याच सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तुझं उत्तर तुला मिळालंय, पण समीकरणं सोडू नकोस. विभागात विचारलं, जिऑलॉजी मेजर टी.वाय.पर्यंत आहे, जागा आहेत, मागच्या वर्षी अकराच मुलं होती. टी.वाय.च्या एका तासाला बसले, नकाशावरून जमिनीखालचा छेद काढत होते. मला निम्मंच कळलं आणि तास संपल्यावर शेजारच्या ताईला दहा मिनिटं छळलं.

घरी कागद केला. वडील, आई, मामा, मी. पाच वर्षांचा. हॉस्टेल, फी, शिष्यवृत्ती, धाकट्या भावाची बारावी दोन वर्षांनी. मामा शेवटपर्यंत नाही म्हणत होता. वडिलांनी विचारलं, एमएस्सी झाली आणि नोकरी नाही लागली तर? मी म्हटलं गणित मायनर ठेवतेय, शिकवण्या घेईन, आत्ताही दोन मुलांच्या घेतेच. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. आजी मध्येच म्हणाली, तिला कळू दे काय हलतं ते.

फॉर्म काल भरला. मेजर जिऑलॉजी, मायनर गणित. फिजिक्स सुटलं, त्याचं थोडं वाईट वाटतंय, जिऑफिजिक्सला जायचं झालं तर तेवढं फिजिक्स स्वतः करावं लागेल.

रानजाई
शाब्बास. दुसऱ्या वर्षी फील्डला जाशील तेव्हा हातोडा बांधकामाचा घेऊ नको, त्याच्या कपच्या उडतात. दगडाचा वेगळा मिळतो, एका बाजूने चौकोनी तोंडाचा. डोळ्यांना गॉगल. बूट घोट्याच्या वरपर्यंत. वही पावसात भिजणार नाही अशी, आणि पेन्सिल, पेन नाही.

माणदेशी
पोरी, कधी आमच्या बाजूला आलीस तर विहीर बघून जा.

कोयनेकाठी
नक्की येणार काका.

रानजाई ताई, एक विचारायचं होतं. वडिलांनी आज सकाळी फोटो पाठवलाय, बांधाच्या खोदकामात निघालेला दगड. काळा, त्यात पांढरे वाटोळे ठिपके, मोहरीपासून वाटाण्याएवढे. ते त्याला मांजऱ्या म्हणतात. विचारतायत, याच्या खाली पाणी असेल का? मी काय सांगू?

रानजाई
पांढरं ते बुडबुड्यांच्या पोकळ्यांत भरलेलं खनिज. चांगली खूण आहे, पण एका दगडावरून पाणी सांगू नको. त्यांना विचार, तो किती फुटांवर लागला, वरचा मुरूम किती जाड होता आणि शेजारच्या विहिरीत तोच थर किती खोलीवर आहे. मग इथे लिही, आपण दोघी मिळून थर लावून बघू.